योगाला कृपेची जोड : श्रीज्ञानेश्वर महाराज

नांदेडला पावन करणारी गोदामाई पैठणजवळील ज्या आपेगावावरून वाहत येते, ते श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पूर्वजांचे गाव होय. महाराजांचा जन्म शके ११९७ (इ. स. १२७५) मध्ये झाला. संन्याशाची मुले म्हणून चारही भावंडांना समाजाने वाळीत टाकले; मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते. वडीलबंधू श्रीनिवृत्तिनाथांकडून त्यांना नाथपंथाची दीक्षा लाभली.

शके १२१२ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात आसन, मूळबंध व कुंडलिनी यांचे सूक्ष्म विवरण आहे. परंतु बाराव्या अध्यायाच्या आरंभी महाराज या साधनेचे श्रेय स्वतःकडे न घेता गुरुकृपारूपी मातेच्या चरणी वाहतात. ग्रंथाच्या अखेरीस, ज्या जगाने छळले त्याच जगाच्या कल्याणासाठी त्यांनी पसायदान मागितले. मनातील कटुता विरून जाणे, हीच त्यांच्या योगाची खरी सिद्धी.

शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस त्यांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. भाविकांनी नित्य योगाभ्यास संपताच क्षणभर हात जोडून गुरू, मातापिता व सर्व प्राणिमात्र यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे.