पाण्याचा वैद्य : फादर सेबास्टियन क्नाइप

बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आपल्या शाळेत व्यवसाय मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. त्यात एका विद्यार्थिनीने उभे राहून सांगितले की तिला निसर्गोपचाराची डॉक्टर व्हायचे आहे. सभागृहात थोडी कुजबुज झाली. तो खरा डॉक्टर असतो का, त्याला शिकावे लागते का, की आजीच्या बटव्यातले चार उपाय माहीत असले की झाले, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी आम्हाला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. म्हणून या अंकातील थोरांच्या ओळखीच्या सदरासाठी आम्ही अशा एका माणसाचे चरित्र निवडले आहे, ज्याच्या आयुष्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. ते म्हणजे जर्मनीतील फादर सेबास्टियन क्नाइप.

क्नाइप यांचा जन्म १७ मे १८२१ रोजी जर्मनीच्या दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांतात, ओटोबॉयरेनजवळच्या स्टेफान्सरीड या खेड्यात झाला. वडील विणकर होते. घरात हातमाग होता आणि घरची परिस्थिती अत्यंत बेताची होती. आपल्या बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागातील मुलांना माग म्हणजे काय हे सांगायला नको. लहान वयातच सेबास्टियनला मागावर बसावे लागले. दमट तळघरात दिवसाचे ठरावीक कापड विणायचे, ही त्याची शिस्त. मनात मात्र एकच ध्यास होता, शिकून धर्मगुरू व्हायचे. त्या काळी त्यासाठी लॅटिन यावे लागे आणि लॅटिन शिकायला पैसे लागत. त्याने पै-पै करून थोडी रक्कम साठवली. तेवढ्यात घराला आग लागली आणि घराबरोबर ती शिल्लकही जळून गेली.

दुसरा कोणी असता तर पुन्हा मागावर बसला असता. सेबास्टियनने वयाच्या एकविसाव्या वर्षी घर सोडले. गावोगाव फिरून तो आपल्याला शिकवील अशा माणसाचा शोध घेत राहिला. बऱ्याच ठिकाणी नकार मिळाल्यावर ग्रोएनेनबाख येथील माथियास मेर्कले या धर्मगुरूंनी त्याला आश्रय दिला आणि लॅटिन शिकवायला सुरुवात केली. १८४४ साली, तेवीस वर्षांचा झाल्यावर, तो डिलिंगेन येथील शाळेत दाखल झाला. वर्गातली बाकीची मुले त्याच्याहून कितीतरी लहान होती. एखादे वर्ष वाया गेले म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या आपल्या मुलांनी आणि त्यांच्याहून अधिक घाबरणाऱ्या पालकांनी हे वय जरूर लक्षात ठेवावे.

शाळा मिळाली, पण शरीराने साथ सोडली. मागावरचे तळघर, अपुरे खाणे आणि रात्रंदिवसाचा अभ्यास यांनी प्रकृती ढासळली. खोकला जडला, रक्त पडू लागले. डॉक्टरांनी फुप्फुसाचा विकार सांगितला आणि फारशी आशा ठेवली नाही. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. अशा अवस्थेत त्याच्या हाती योहान सिगमुंड हान नावाच्या एका जर्मन वैद्याचे जुने पुस्तक पडले. ते अठराव्या शतकातले होते. ताज्या, थंड पाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो आणि ते कसे वापरावे, याचे विवेचन त्यात होते.

पुस्तक वाचून तो थांबला नाही. १८४९ च्या नोव्हेंबरात त्याने प्रयोग सुरू केला. डिलिंगेन गाव डॅन्यूब नदीजवळ आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा तो नदीकडे झपाझप चालत जाई. अंग तापले की काही क्षणच त्या बर्फासारख्या पाण्यात बुडी मारी, लगेच बाहेर येऊन कपडे चढवी आणि पुन्हा वेगाने चालत घरी येई. थंडी थोडा वेळच, आणि त्यानंतर हालचालीने ऊब परत आणायची, हे या उपचाराचे सूत्र त्याला तेथे उमगले. हळूहळू त्याची प्रकृती सुधारली. १८५० मध्ये तो पुढील शिक्षणासाठी म्युनिकला गेला. तेथेही आजारी सहाध्यायांवर तो बागेतल्या झारीने पाणी ओतून उपचार करी, अशी हकीकत आहे. १८५२ साली आउग्सबुर्ग येथे त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला आवश्यक वाटते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढला. त्याआधी, १८४०च्या दशकात, क्नाइप यांना नेमका कोणता आजार होता हे सिद्ध करणारी तपासणी अस्तित्वातच नव्हती. ते बरे झाले हे खरे, पण थंड पाण्याने क्षय बरा होतो असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. आज क्षयावर खात्रीची औषधे आहेत, सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळतात आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत ती घ्यावीच लागतात. नदीत उडी मारण्याचा प्रयोगही कोणी करू नये. ज्यांना हृदयाचा विकार आहे त्यांना थंड पाण्याचा असा धक्का धोक्याचा असतो.

दीक्षेनंतर खेड्यापाड्यांत काम करताना क्नाइप यांच्याकडे आजारी माणसे येऊ लागली. डॉक्टर लांब आणि महाग, औषधे त्याहून महाग. १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा बोस या गावी त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा केली. लोक त्यांना पटकीचे पाद्री म्हणू लागले. पण जसा लौकिक वाढला, तशा तक्रारीही वाढल्या. पदवी नसताना वैद्यकी करतो, असा आरोप झाला आणि त्यांना दंडही भरावा लागला. तक्रार करणाऱ्यांत ज्यांचे गिऱ्हाईक कमी झाले असे लोक होते, तसेच खरोखर चिंता वाटणारेही होते. आम्हाला वाटते की दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. गरिबाला दारातून परत पाठवणे क्नाइप यांना जमत नव्हते. आणि कोणीही उठून रोग्याला हात लावावा हे समाजालाही परवडणारे नव्हते.

१८५५ साली त्यांची नेमणूक वोरिसहोफेन या लहानशा गावी, तेथील जोगिणींच्या मठात झाली. पुढची बेचाळीस वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, ते तेथेच राहिले. १८८१ मध्ये ते त्या गावाचे मुख्य धर्मगुरू झाले. मठाच्या शेतीकडेही त्यांनी लक्ष दिले आणि मधमाशा पाळल्या. रोगी मात्र येतच राहिले. सुरुवातीचे त्यांचे उपचार कडक होते. जसजसा अनुभव वाढला तसतसे ते त्यांनी अधिकाधिक सौम्य केले. ज्याची प्रकृती जशी, तसे पाणी. सर्वांना एकच मात्रा नाही. अनुभवाने स्वतःचीच पद्धत बदलायला तयार असणे, हा त्यांचा गुण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांचे उपचार साधे होते. झारीतून किंवा नळीतून गुडघ्यांवर, मांड्यांवर, हातांवर पाण्याची सलग धार सोडायची. ओल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. पोटरीपर्यंतच्या थंड पाण्यात बगळ्यासारखे पाय उचलून चालायचे. पहाटे दव पडलेल्या गवतातून अनवाणी फिरायचे. त्याच्या जोडीला वनस्पतींचे काढे, साधे घरचे अन्न, अंगमेहनत आणि नियमित दिनचर्या. पाणी, वनस्पती, आहार, व्यायाम आणि जीवनातील शिस्त अशी त्यांच्या पद्धतीची पाच अंगे आजही सांगितली जातात.

१८८६ साली त्यांचे जल-उपचारावरील पुस्तक निघाले. त्यांना लिहिण्याची फारशी हौस नव्हती, पण प्रत्येकाला तेच तेच सांगण्याऐवजी लिहून ठेवावे, असे त्यांना वाटले. काही वर्षांतच त्याच्या डझनावारी आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत भाषांतरे झाली. १८८९ मध्ये कसे जगावे यावरील त्यांचे दुसरे पुस्तक आले. मग वोरिसहोफेनचे रूपच पालटले. हजारो माणसे त्या खेड्यात येऊ लागली. सरदार-उमराव आणि शेतमजूर एकाच कुरणात अनवाणी चालताना दिसू लागले. मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी १८९१ मध्ये रुग्णांसाठी एक मोठी इमारत आणि १८९३ मध्ये आजारी मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. पोप तेरावे लिओ यांनी त्यांना १८९३ साली बहुमान दिला आणि पुढच्या वर्षी रोमला बोलावून त्यांचा सल्लाही घेतला.

याच काळात त्यांनी घेतलेला एक निर्णय आमच्या मूळ प्रश्नाशी निगडित आहे. आपण डॉक्टर नाही याची त्यांना पुरती जाणीव होती. रुग्ण तपासताना त्यांनी पदवीधर डॉक्टरांना आपल्या शेजारी बसवायला सुरुवात केली. डॉ. आल्फ्रेड बाउमगार्टेन हे त्यांपैकी एक. आजाराचे निदान डॉक्टरांनी करावे आणि पाण्याचा उपचार दोघांनी मिळून ठरवावा, अशी ती व्यवस्था होती. १८९४ साली ही पद्धत वापरणाऱ्या डॉक्टरांची संघटनाही स्थापन झाली. ज्या माणसाला पदवी नसल्याबद्दल दंड झाला होता, त्यानेच आपली विद्या पदवीधरांच्या स्वाधीन केली. आपल्या माघारी हे काम भोंदू लोकांच्या हाती जाऊ नये, ही काळजी त्यामागे होती, असे आम्ही समजतो.

१७ जून १८९७ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, वोरिसहोफेन येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९२० साली त्या गावाच्या नावाला स्नानतीर्थाचा दर्जा दाखवणारे बाड हे उपपद जोडले गेले. २०१५ साली जर्मनीने क्नाइप यांच्या पद्धतीचा आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

त्यांच्या रुग्णांत अमेरिकेहून आजारी होऊन परतलेला बेनेडिक्ट लुस्ट नावाचा एक तरुण होता. बरा झाल्यावर तो १८९६ मध्ये क्नाइप यांच्या पद्धतीचा प्रसार करण्यासाठी पुन्हा अमेरिकेला गेला. नुसत्या पाण्यावर भागणार नाही, असे ठरवून त्याने आहार, मालीश, वनस्पती आणि व्यायाम एकत्र गुंफले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी न्यूयॉर्क येथे त्याने नॅचरोपॅथीची शाळा काढली. नॅचरोपॅथी हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यालाच जाते. पाण्याच्या झारीतून निघालेली वाट अशी वर्गखोलीपर्यंत पोहोचली. आज अमेरिका आणि कॅनडातील मान्यताप्राप्त महाविद्यालयांत पदवीनंतर चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तरीही तेथील सर्व राज्यांत या डॉक्टरांना परवाना मिळत नाही.

आपल्याकडे हा विचार जर्मन पुस्तकांतूनच आला. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना लुई कूने आणि आडोल्फ युस्ट यांची पुस्तके वाचली आणि पाण्याचे व मातीचे उपचार स्वतःवर व कुटुंबावर करून पाहिले. १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाई यांनी तो नावारूपाला आणला. पुण्यातच १९८६ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था स्थापन झाली. आणि आपल्या कर्नाटकाला याबाबतीत विशेष मान आहे. धर्मस्थळाजवळ उजिरे येथे १९८९ साली निसर्गोपचार व योग यांचे पदवी महाविद्यालय सुरू झाले.

ही पदवी म्हणजे बी. एन. वाय. एस. बारावी विज्ञान शाखेनंतर साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची रुग्णालयातील आंतरवासिता, अशी एकूण साडेपाच वर्षे. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र हे विषय असतात. त्यांच्या जोडीला जलोपचार, मातीचे उपचार, आहार, उपवास, मालीश आणि योग शिकवले जातात. कोणता रुग्ण आपल्या हातचा नाही आणि त्याला ताबडतोब कुठे पाठवायचे, हे ओळखणे हा या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. चार दिवसांच्या शिबिराचे किंवा टपालाने मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे ही पदवी नव्हे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न आहे का, याची पालकांनी स्वतः चौकशी करावी.

त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या पालकांना आमचे उत्तर एवढेच आहे. होय, शिकावे लागते, आणि पुष्कळ शिकावे लागते. स्वतः क्नाइप यांना ते शिक्षण मिळाले नाही, म्हणूनच त्याची किंमत त्यांना कळली होती. आणि त्या विद्यार्थिनीला आमचे सांगणे असे, की एमबीबीएसला जागा मिळाली नाही म्हणून या वाटेने जाऊ नकोस. मनापासून ओढ असेल तर जरूर जा, आणि जीवशास्त्राचे पुस्तक आजपासूनच बारकाईने वाचायला घे. मागावरून उठून, तेविसाव्या वर्षी लहान मुलांच्या वर्गात बसलेल्या त्या विणकराच्या मुलाला आमचे विनम्र अभिवादन.