विश्लेषण : खासदार नसताना थेट संरक्षणमंत्री! यशवंतराव चव्हाणांचं पुढे काय झालं?
कल्याण-डोंबिवलीजवळची अंबरनाथ आयुध निर्माणी तेव्हा थेट संरक्षण खात्याकडे होती. युद्ध असलं तरी अशा कारखान्यांच्या पैशाला संसदेचीच मंजुरी लागायची. १९६२ मध्ये ही जबाबदारी यशवंतराव चव्हाणांवर आली.

देवराष्ट्रेत १९१३ मध्ये जन्मलेले यशवंतराव तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. चीन युद्धात कृष्ण मेनन पायउतार झाले आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीत बोलावलं. पण ते आमदार होते, खासदार नव्हते! आणीबाणी असली तरी सूट नाही. सहा महिन्यांत संसदेचं सदस्य व्हावंच लागतं. ते झाले. १९६३ मध्ये तर नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले.

खरी कसोटी पैशांची होती. १९६३-६४ साठी संरक्षणाला ८६७ कोटी रुपये ठेवले गेले, आधीच्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून जास्त. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी कर वाढवले, सक्तीची बचत आणली. लोक चिडले. त्यात चीनकडून झालेल्या पराभवाचा राग होताच. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत पहिला अविश्वास ठराव आला, पण ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला.

१९६५ च्या पाकिस्तान युद्धातही हे खातं यशवंतरावांकडेच होतं. १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले.