सेवाग्रामचा रोलीफ्लेक्स

स्मरणिकेसाठी एखाद्या नावाजलेल्या दिवंगत व्यक्तीचं चरित्र लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं. तुझं कॅमेऱ्याचं वेड मात्र त्यात आणू नकोस, असंही बजावलं. म्हणून मी अशी व्यक्ती निवडली जिचं चरित्र कॅमेरा वगळून सांगताच येत नाही, आणि जिचा कॅमेरा आपल्या नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर चालला.

कनू गांधी. आधी एक घोटाळा निस्तरते. जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींची काठी पकडून पुढे पळणारा मुलगा म्हणजे हे कनू नव्हेत. तो रामदास गांधींचा मुलगा. रामदास गांधी पुढे नागपुरात राहत आणि तो मुलगा मोठेपणी अमेरिकेत इंजिनिअर झाला. आपले कनूभाई म्हणजे गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास यांचे चिरंजीव, जन्म 1917 चा. काठीच्या चित्रातला कनू चित्रात आहे. हे कनूभाई आयुष्यभर चित्राच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या मागे राहिले. गांधीजींची ओळखीची चित्रं आठवायला गेलात, तर त्यातली निदान दोन-चार त्यांची निघतील.

त्यांना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. घरच्यांनी समजावलं आणि ते गांधीजींच्या सोबतीला आले. गांधीजी 1936 च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. 1940 पासून त्याच गावाला सेवाग्राम म्हणू लागले. तिथे कनूभाईंकडे पत्रव्यवहार आणि हिशेब अशी कारकुनी कामं होती. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांच्यामुळे त्यांना छायाचित्रणाची ओढ लागली, आणि बापूंचं रोजचं जगणं टिपावं असं मनात आलं.

गांधीजींचं उत्तर आश्रमाच्या चालीला धरून होतं. आश्रमाकडे असल्या खर्चाला पैसा नाही. शेवटी त्यांनीच घनश्यामदास बिर्लांना सांगितलं. बिर्लांनी 100 रुपये दिले आणि त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. त्याबरोबर तीन अटी आल्या. फ्लॅश वापरायचा नाही. कोणत्याही चित्रासाठी मला थांबवायचं किंवा बसवायचं नाही. आश्रम एक पैसा देणार नाही.

माझ्या व्यवसायात काम सुरू होण्याआधी ग्राहकाच्या गरजांचा कागद येतो आणि त्यातल्या अर्ध्या ओळी एकमेकींशी भांडत असतात. हा कागद छोटा होता, पण भांडण तेच. सेवाग्रामच्या कुट्या आपण सातवीच्या सहलीत पाहिल्या आहेत. मातीच्या भिंती, उतरतं छप्पर, बांबूच्या चटया, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्या काळच्या फिल्मचा वेग आजच्या मापाने शंभरच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. अशा खोलीत फ्लॅशविना, आणि समोरचा माणूस क्षणभरही थांबणार नाही.

1938 च्या सुमारास छायाचित्रकारापुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे वृत्तपत्रवाल्यांचा मोठा कॅमेरा, चार बाय पाच इंचांची निगेटिव्ह. तपशील अफाट, पण प्रत्येक चित्रासाठी फिल्मचं नवं पान घालायचं आणि खोलीत फ्लॅशचा बल्ब उडवायचा. पहिल्याच अटीने ती वाट बंद झाली. दुसरी लायकाची, सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवर 36 चित्रं. तिसरी रोलीफ्लेक्सची, कागदात गुंडाळलेल्या 120 फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरची 12 चौकोनी चित्रं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या फ्रान्के आणि हायडेके यांनी 1929 मध्ये हा कॅमेरा बाजारात आणला. वरच्या भिंगातून पाहायचं, खालच्या भिंगातून चित्र.

नुसत्या उजेडाचं गणित मांडलं तर लायका जिंकते, हे मी रोलीफ्लेक्सची चाहती असूनही मान्य करते. तिला एफ 2 चं भिंग मिळत होतं. रोलीफ्लेक्सचं बरंचसं एफ 3.5 चं. म्हणजे लायकाला जवळजवळ तिप्पट उजेड. पण निगेटिव्हचं क्षेत्रफळ बघा. लायकाचं 24 गुणिले 36, म्हणजे 864 चौरस मिलिमीटर. रोलीफ्लेक्सचं प्रत्यक्षात 56 गुणिले 56, म्हणजे 3136. साडेतीन पटींहून जास्त. कमी उजेडातली, दाणेदार झालेली निगेटिव्ह मोठी करून छापताना हा फरक कामी येतो. शिवाय तिसऱ्या अटीमुळे खर्च भागवायला चित्रं वर्तमानपत्रांना विकावी लागत, म्हणजे ती छापण्याजोगी निघणं भाग होतं. रोलीफ्लेक्सचं शटर भिंगातच असतं, त्यामुळे आवाज अगदी हलका. फोटो घेताना आतला आरसा हलत नाही, म्हणून कॅमेरा पोटाशी टेकवून, श्वास रोखून धीम्या वेगातही हात स्थिर ठेवता येतो. मी स्वतः गेली काही वर्षं जुना दोन भिंगांचा कॅमेरा वापरते आणि एक दशांश सेकंदाचे फोटो त्यावर जितके नीट येतात तितके दुसऱ्या कशावर आले नाहीत.

माझ्या मते आणखी एक कारण महत्त्वाचं होतं. ते कनूभाईंनी आधी हेरलं की हाती आलेल्या कॅमेऱ्यानेच शिकवलं, कोण जाणे. लायका डोळ्याला लावावी लागते, चेहरा झाकला जातो, आणि समोरच्याला कोणीतरी रोखून बघतंय असं वाटतं. रोलीफ्लेक्समध्ये मान खाली घालून काचेत बघायचं. गांधीजी जमिनीवर बसून काम करत. आपणही जमिनीवर बसलो की पोटाजवळचा कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर येतो. मोठ्या माणसाकडे वरून पाहिलं जात नाही, खालून पाहून त्याचा पुतळाही होत नाही. घरातलं कोणी शेजारी बसलेलं असावं तशी ती चित्रं आहेत. सहलीत पाहिलेला आश्रमातला टेलिफोन आठवतो? तो कानाला लावलेले गांधीजी, आगगाडीच्या खिडकीतून हरिजन फंडासाठी बाहेर आलेला त्यांचा हात, 1940 च्या फेब्रुवारीत शांतिनिकेतनात रवींद्रनाथांबरोबर बसलेले दोघं. काही ठिकाणी हात हललेला दिसतो, काही ठिकाणी अर्धा चेहरा अंधारात. फ्लॅशने हे सारं स्वच्छ आलं असतं, पण खोलीतला उजेड गेला असता.

अटी पाळूनही काही वेळा नकार मिळे. 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी कनूभाईंना आत राहण्याची परवानगी मिळाली होती. 22 फेब्रुवारीला बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. तो क्षण टिपायला गांधीजींनी मनाई केली आणि कनूभाईंनी कॅमेरा खाली ठेवला. दुसऱ्या कोणाकडेही ते चित्र नाही. इतिहासासाठी हळहळ वाटते, पण नातू म्हणून ते तिथे होते, हेही खरं.

त्याच वर्षी त्यांचं लग्न आश्रमातल्याच बंगाली मुलीशी, आभा चटर्जी यांच्याशी झालं.

1946 मध्ये पुण्यातच लाइफ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट आल्या. इंजिनिअरची मुलगी, भरपूर सामान, फ्लॅशचे बल्ब. त्यांना आधी चरखा शिकावा लागला, मग फक्त तीन बल्ब वापरायला परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने काम झालं. चरख्यामागे बसून वाचणाऱ्या गांधीजींचं ते चित्र जगभर गेलं. मला ते आवडतं, पण ते पाहुण्याने काढलेलं चित्र आहे. कनूभाईंना बल्ब मोजून मिळाले नव्हते. त्यांच्या वाट्याला फिल्मची बारा घरं आणि दहा वर्षं आली होती.

ही दहा वर्षं नौखालीत संपली. 1946 च्या अखेरीस दंगलीने होरपळलेल्या त्या भागात गांधीजी गेले आणि साथीदारांना एकेका गावात राहून काम करायला सांगितलं. कनूभाई तिथेच राहिले. 30 जानेवारी 1948 च्या दुपारी दिल्लीत आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन गांधीजींना भेटले, आपली चित्रं दाखवली आणि निघाले. थोड्याच वेळात प्रार्थनेला जाताना गोळ्या झाडल्या गेल्या. गांधीजींचे हात तेव्हा ज्या दोन मुलींच्या खांद्यांवर होते, त्यांतली एक आभाबेन. त्यांचा नवरा, ज्याने गांधीजींचं उठणं-बसणं टिपलं होतं, तो शेकडो मैल दूर नौखालीत होता. त्या क्षणाचं छायाचित्र कोणाकडेच नाही. अंत्ययात्रेची चित्रं इतरांनी काढली. कार्तिए-ब्रेसाँची तर प्रसिद्धच आहेत.

पुढे कनूभाई आणि आभाबेन राजकोटकडे गेले आणि रचनात्मक कामात रमले. चित्रं पुस्तकांत छापली जात राहिली, ती काढणाऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांच्या तोंडी होतं. 1986 च्या फेब्रुवारीत कनूभाई गेले, 1995 मध्ये आभाबेन. दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांच्या चित्रांचं स्वतंत्र पुस्तक काढलं ते 2015 मध्ये. पुस्तकाचं नाव आहे 'कनूज गांधी'.