भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : आधी पाया, मग कळस

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥



जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी मला चार ओळी लिहिण्याची आज्ञा केली. मी काही लेखक नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची. आवक-जावक नोंदवही लिहिण्यापलीकडे माझी लेखणी फारशी चाललेली नाही. साधुसंतांची चरित्रे सांगणारी अधिकारी माणसे या अंकात आहेतच. म्हणून मी एका इंजिनिअरचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. देवळाच्या पुस्तकात इंजिनिअर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी मिळेल, अशी आशा आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरी विद्या होती, पण पैसा नव्हता. मुलगा लहान असतानाच वडील वारले. पुढचे शिक्षण त्यांनी बंगळूरला मुलांच्या शिकवण्या करून घेतले व १८८१ साली बी.ए. झाले. नंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा तरुण आपल्या पुण्यास आला. तेथील सायन्स कॉलेजातून, म्हणजे पुढे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेतून, १८८३ साली ते स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले. आपल्या मातीशी त्यांचे नाते जडले ते असे.

१८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. नाशिक, खानदेश, पुणे असा हा आपलाच मुलूख त्यांनी पायाखाली घातला. तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंधमधील सक्कर शहरास त्यांनी पाणीपुरवठा करून दिला. पुण्यास असताना नीरा कालव्याच्या पाण्याची पाळी नीट लागावी म्हणून त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. शेतकरी मंडळींना तिचे महत्त्व सांगावयास नको.

खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी केलेले काम तर विशेष आहे. धरणाची भिंत न वाढवता पाणी जास्त साठवावयाचे होते. साठवले तर पुरात भिंतीस धोका आणि न साठवले तर पाणी वाया, असा पेच होता. त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की पाण्याच्याच जोराने दरवाजे उघडावेत आणि पूर ओसरला की आपोआप मिटावेत, अशी ती योजना. १९०३ साली ते दरवाजे बसले. मध्यरात्री पूर आला आणि चौकीदारास झोप लागलेली असली तरी धरण सुरक्षित राहावे, एवढा दूरचा विचार त्यात होता. माणूस चुकतो हे धरून बांधकाम करावयाचे, हा सुरक्षिततेचा पहिला धडा मला तेथे दिसतो.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेस मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली, घरेदारे जमीनदोस्त झाली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी शहरातल्या पडक्या भिंती पाहून केवळ हळहळ केली नाही. नदीला पाणी कोठकोठून येते, किती मुलखातून येते, वरच्या अंगाचे किती तलाव फुटले, पाऊस किती पडला, याचा हिशेब मांडला. शहराच्या वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय बांधून पूर तेथेच थोपवावा, असा सल्ला त्यांनी दिला. त्याप्रमाणे मुसी नदीवर उस्मानसागर १९२० साली व ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. झालेल्या नुकसानीचे आकडे पुढच्या बांधकामाचे माप ठरतात, हा दुसरा धडा.

१९०९ साली ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले व १९१२ साली दिवाण. कावेरी नदीवरचे कृष्णराजसागर धरण हे त्यांचे सर्वात गाजलेले काम. १९११ साली त्याचा आरंभ झाला. धरण सुमारे १३० फूट उंच असावे अशी त्यांची योजना होती. परंतु खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने हरकत घेतली व तूर्त ८० फुटांपर्यंतच संमती मिळाली. आता प्रश्न असा पडला की पाया कोणत्या उंचीचा घालावयाचा? ८० फुटांचा घातला तर पैसा वाचतो, पण पुढे त्यावर चढवता येत नाही. चढवलेच तर धरणाखालच्या गावांच्या जिवाशी खेळ होतो. विश्वेश्वरय्यांनी पाया पूर्ण उंचीला पुरेल एवढा रुंद घालण्याचा आग्रह धरला आणि तो तडीस नेला. पायात घातलेला जादा पैसा त्या वेळी कोणाच्या डोळ्यांना दिसणारा नव्हता. पुढे वाद चालत राहिला, अखेर १९२४ साली करार झाला आणि त्याच पायावर धरण आपल्या पूर्ण उंचीस पोचले. दगडी बांधकामात सिमेंटऐवजी चुना व सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, वापरली होती. आपल्या जुन्या देवळांच्या चुन्याशी नाते सांगणारे ते बांधकाम आजही पाणी धरून उभे आहे.

दिवाण असताना त्यांनी म्हैसूरची बँक व विद्यापीठ उभारण्यास हातभार लावला. पुढे भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना सांभाळला. वयाची नव्वदी उलटल्यावर बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवर पूल कोठे बांधावा हे ठरविण्यासाठी ते स्वतः जागा पाहावयास गेले. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी गाठून, त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळतात. त्यांच्याविषयी आगगाडीच्या रुळाच्या व मेणबत्तीच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. त्या मी येथे घेतल्या नाहीत. त्यांची कामेच पुरेशी बोलकी आहेत.

ज्या वर्षी ते गेले, त्याच १९६२ साली आपल्या देशात भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचा पहिला भारतीय मानक निघाला. त्याचा क्रमांक १८९३. काँक्रीटचा मानक, क्रमांक ४५६, त्याआधीच १९५३ साली निघाला होता. १९७० साली संपूर्ण इमारतींसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता झाली. ही पुस्तके वेळोवेळी सुधारली गेली. साहेब लोक तिला कोड म्हणतात. आपल्याला वाटते, कोड म्हणजे मंजुरी अडविण्याचा कागद. वास्तविक तो आधीच्या अपघातांतून निघालेला शहाणपणा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, खाली खडकवासल्याचेही फुटले व पुणे बुडाले. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस सुमारे ८,००० माणसे गेली. तेथे जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, वर मातीच्या जड माळवदाचा भार होता, आणि भिंतीची दोन्ही तोंडे बांधून धरणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धरणी हलताच भिंत मधोमध सुटली व माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. देवाचा कोप म्हणून आपण मोकळे होतो, पण आरपार दगड घालणे आपल्याच हातात असते.

आता माझी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी अतिवृष्टीत एका गावी सार्वजनिक इमारतीच्या व्हरांड्याचा स्लॅब पडला व खाली पावसाच्या आडोशाला बसलेली एक म्हातारी दगावली. पंचनामा लिहावयास मी गेलो होतो. तुटलेल्या स्लॅबच्या तळाशी सळ्या उघड्या, गंजून पापुद्रे आलेल्या होत्या. त्यांच्याखाली सिमेंटचे आच्छादन बोटभरही नव्हते. शेजारी उभा असलेला गवंडी हळूच म्हणाला की, उद्घाटनाची तारीख ठरली होती म्हणून पाणी मारायला दिवसच मिळाले नाहीत. मी कागदावर पडझड असा एकच शब्द लिहिला व सही घेतली. त्या म्हातारीचा मुलगा अंगठा उठवून गेला. तो शब्द अजून माझ्या मनातून जात नाही.

असे असूनही, आपल्या देवळाचा पाया खोदताना मुरूम न लागता काळी माती लागली आणि इंजिनिअर साहेबांनी आणखी खोल जावयास सांगितले, तेव्हा बैठकीत कुरकूर करणाऱ्यांत मीही होतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे पाडते, हे आपण शेतकऱ्यांची पोरे असून विसरलो होतो. पाया पूर्ण शिखराचा भार पेलेल एवढा आताच घालावा व शिखर पुढच्या टप्प्यात बांधावे, असे ठरले. तेव्हा पैसे जमिनीत पुरले, कळस मात्र दिसत नाही, अशी बोलणी पारावर झाली. काही देणगीदार नाराज झाले. त्या दिवसांत कृष्णराजसागराची हकीकत माझ्या वाचनात आली आणि मी मनातल्या मनात समितीची क्षमा मागितली. आज उघडपणे मागतो.

समितीने आणखीही गोष्टी पाळल्या, त्यांची नोंद येथे करतो. सभामंडपाच्या स्लॅबवर भर उन्हाळ्यात पाण्याचे आळे करून पूर्ण १५ दिवस पाणी ठेवले. मानकात उष्ण हवेत किमान १० दिवस सांगितले आहेत. इंजिनिअर साहेबांनी लेखी दिल्याखेरीज सेंट्रिंगची एकही बल्ली काढू दिली नाही. जत्रेच्या गर्दीसाठी दुसरा रुंद दरवाजा ठेवला. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक गेले, हे आपण विसरलेलो नाही. पुढे शिखर होईल तेव्हा विजेपासून रक्षण करणारी तांब्याची पट्टी जमिनीपर्यंत न्यावी, असाही ठराव झाला आहे.

देणगीदारांना हात जोडून एकच विनंती. आपले नाव संगमरवरी पाटीवर आहेच, पण आपला खरा पैसा त्या पाटीखाली, जमिनीच्या पोटात, काळ्या मातीच्या खाली मुरुमावर टेकलेला आहे. तो कोणी पाहणार नाही. जत्रेच्या रात्री आपली लेकरेबाळे या मंडपात निर्धास्त झोपतील, तेव्हा तो पैसा काम करीत असेल. कळसही चढेल. त्यासाठी पुन्हा एकदा आपल्या दारी येऊ, तेव्हा रिकाम्या हाती पाठवू नये.

लेखात काही न्यूनाधिक असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. श्री भैरवनाथ सर्वांचे रक्षण करो.

— आपला एक ग्रामस्थ,
लिपिक, तालुका कचेरी