दोन माकडं, एक मेलेलं पोर आणि पोलिओचा छडा लावणारा डॉक्टर

रील्सवर मुठीएवढं मार्मोसेट माकड पाहिलंच असेल. कपडे घातलेलं, मालकाच्या ओठांवर ओठ टेकवणारं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, की जपून, माकडापासून रोग होतो. खरं तर भीती त्या माकडाला असायला हवी. आपल्या ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ना, तो हर्पिसचा विषाणू. आपल्याला तो चार दिवस त्रास देतो आणि शांत होतो. मार्मोसेटच्या मात्र तो थेट मेंदूपर्यंत जातो आणि बहुतेक वेळा जीव घेतो.

माणसाचा आजार माकडाला होऊ शकतो, ही गोष्ट एका माणसाने मुद्दाम घडवून दाखवली होती. त्याचं नाव कार्ल लँडस्टायनर. आपल्याला तो रक्तगट शोधणारा म्हणून माहीत असतो, तेवढाच.

जन्म १४ जून १८६८, व्हिएन्नाजवळचा. वडील नावाजलेले पत्रकार, पण कार्ल लहान असतानाच ते गेले. आईने वाढवलं. तिच्यावर त्याचा इतका जीव, की ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्याने आयुष्यभर आपल्या खोलीत भिंतीवर ठेवला. १८९१ मध्ये तो डॉक्टर झाला, पण दवाखाना थाटण्यात त्याला रस नव्हता. आधी रसायनशास्त्र शिकला आणि मग शवविच्छेदनाच्या खोलीत शिरला. तिथे दहा वर्षांत त्याने साडेतीन हजारांहून जास्त प्रेतं तपासली. याच काळात, १९०१ मध्ये, रक्तगटांचा शोध प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

१९०८ साली व्हिएन्नात पोलिओने नऊ-एक वर्षांचा एक मुलगा दगावला. पोलिओ कशामुळे होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लँडस्टायनर आणि त्याचा सहकारी एर्विन पॉपर यांनी त्या मुलाच्या मज्जारज्जूचा तुकडा घेतला. त्यात जंतू वाढतात का पाहिलं, काहीच वाढलं नाही. तो वाटून ससे, गिनिपिग आणि उंदरांना टोचला. त्यांना काही झालं नाही. मग दोन माकडांना टोचला. एक बबून आणि एक ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतात गल्लोगल्ली दिसतं ते लाल तोंडाचं माकड.

बबून आठवड्याभरातच मेलं. ऱ्हीससचे काही दिवसांनी पाय लुळे पडले. दोघांचे मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर नुकसान अगदी त्या मुलासारखंच! उंदराला न होणारा आजार माकडाला झाला होता, कारण माकड आपल्याला शरीराने जवळचं.

पुढची पायरी गाठायला आणखी माकडं हवी होती, आणि व्हिएन्नात ती मिळेनात. म्हणून लँडस्टायनरने पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लेवादिती यांच्याबरोबर काम केलं. जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून तो द्रव गाळला, तरी माकडं आजारी पडलीच. म्हणजे हा जंतूपेक्षाही लहान काहीतरी, विषाणू. लस बनवण्याची वाट इथून सुरू झाली.

पण माकडांनी शास्त्रज्ञांना फसवलंही. अमेरिकेत सायमन फ्लेक्सनर यांनी ऱ्हीससवरच्या प्रयोगांवरून ठरवलं, की पोलिओ नाकावाटे मेंदूत शिरतो. माणसात तो तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो. ऱ्हीससला तोंडावाटे तो सहजी होतच नाही. या एका चुकीत लस काही दशकं लांबली असं मला वाटतं. माकड आपल्यासारखं असतं, पण पूर्ण आपल्यासारखं नसतं.

लँडस्टायनरचं पुढचं आयुष्य व्हिएन्नाबाहेर गेलं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे खायचे वांधे झाले, तेव्हा बायको आणि लहान मुलाला घेऊन तो आधी हेगला गेला. एका छोट्या हॉस्पिटलात साध्या तपासण्या करत त्याने दिवस काढले. पन्नाशी ओलांडलेला, नाव कमावलेला शास्त्रज्ञ! नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने बोलावलं. १९३० मध्ये रक्तगटांसाठी नोबेल मिळालं. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आरएच घटक जाहीर केला. तुमच्या रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ते हेच, आणि त्यातलं आरएच म्हणजे ऱ्हीसस. २४ जून १९४३ ला प्रयोगशाळेत काम करतानाच हृदयविकाराचा झटका आला, दोन दिवसांनी तो गेला. पोलिओची लस यायला अजून बारा वर्षं होती.

प्रयोगशाळेत त्याने जे सुईने घडवलं, ते १९६६ मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात कुणी न टोचता घडलं. आसपासच्या माणसांत पोलिओची साथ होती आणि जेन गुडॉल ज्यांचा अभ्यास करत होत्या त्या चिंपांझींचे हातपाय लुळे पडू लागले. काही मेले. बाकीच्यांना वाचवायला गुडॉल यांच्या टीमने केळ्यांत तोंडावाटे द्यायची पोलिओची लस घालून त्यांना खायला दिली. साथीतून वाचलेल्या फेबन नावाच्या चिंपांझीचा एक हात मात्र कायमचा निकामी झाला. पुढे तो बरंच अंतर दोन पायांवर उभा राहून चालायचा.