थेओडोर श्वान : पेशी आणि प्रामाणिकपणा



संत पौलाने ख्रिस्तसभेला दिलेली शरीराची उपमा आपण मिस्सेत अनेकदा ऐकतो. शरीर एक, अवयव अनेक. पण हे अवयव तरी कशाचे घडले आहेत? आज शाळेतली मुलेसुद्धा सांगतील की पेशींचे. पेशी एकत्र येऊन ऊती होतात, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था, आणि या सगळ्यांचा मिळून एक जीव. प्राण्यांच्या बाबतीत ही गोष्ट १८३९ साली जगापुढे मांडणारे थेओडोर श्वान हे कॅथॉलिक होते, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

त्यांचा जन्म ७ डिसेंबर १८१० रोजी जर्मनीतील नॉईस गावी झाला. वडील आधी सोनार, पुढे छापखान्याचे मालक. शिक्षण कोलोनच्या जुन्या येशूसंघीय परंपरेच्या शाळेत. मुलगा लाजाळू, देवभोळा, पण हाताने लहानसहान यंत्रे बनवण्यात पटाईत. वैद्यकशास्त्र शिकून ते बर्लिनला योहानेस म्युलर यांचे सहायक झाले. तिथल्या पाच वर्षांत त्यांनी जे काम केले ते इतरांना जन्मभर पुरले असते. जठरात अन्न पचवणारे पेप्सिन त्यांनी १८३६ साली शोधले. मज्जातंतूंभोवतीच्या पेशींना आजही त्यांचेच नाव आहे.

पेशी हा शब्द तेव्हा नवा नव्हता. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात रिकामी घरे पाहिली होती. वनस्पती पेशींच्या असतात हेही लोक बोलू लागले होते. १८३७ साली श्वान एकदा वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन यांच्याबरोबर जेवायला बसले होते. श्लायडेन वनस्पतिपेशीतल्या केंद्रकाविषयी सांगत होते. श्वान यांना आठवले की असाच ठिपका आपण बेडकाच्या पिलात, पाठीच्या कण्याच्या जागी असणाऱ्या दांड्यात पाहिला आहे. दोघे उठून प्रयोगशाळेत गेले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्हीकडे तेच होते.

पुढे श्वान एकेक ऊती तपासत गेले. रक्तात पेशी सुट्या तरंगतात. नखात आणि पिसात त्या एकमेकींना चिकटून बसतात. कूर्चेत आणि हाडात त्यांच्या भिंती एकजीव होतात. स्नायुबंधात त्या लांबून धागे होतात. हाड, नख, रक्त, स्नायू एकमेकांपासून इतके वेगळे, आणि उगम एकच! अंडे हीसुद्धा एक पेशीच, असे त्यांनी सांगितले. म्हणजे तुमची-आमची सुरुवातही तिथूनच.

त्या काळी पुष्कळ विद्वान मानत की एखादी जीवनशक्ती वरून सगळ्या शरीराचा कारभार हाकते. श्वान यांना हे पटले नाही. प्रत्येक पेशी स्वतः जगते, स्वतः अन्न घेते, आणि शरीर म्हणजे त्यांच्या सहकार्याचे फळ. निर्मात्याने सृष्टीला जे नियम घालून दिले तेच दगडात आणि तेच पेशीत काम करतात. माणसाची इच्छाशक्ती तेवढी वेगळी, असे त्यांचे म्हणणे. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकलेल्या मला इथे थोडे अडखळायला होते. भाग समजले म्हणून त्यांचे अखंडपण समजले, असे होत नाही. शिवाय नव्या पेशी द्रवातून स्फटिकासारख्या थिजून तयार होतात, ही त्यांची कल्पना चुकीचीच ठरली. पेशीतूनच पेशी जन्मते, हे पुढे रेमाक आणि फिर्खो यांनी दाखवले.

त्यांची थट्टा मात्र झाली ती बरोबर असलेल्या गोष्टीसाठी. यीस्ट सजीव आहे आणि साखरेचा मद्यार्क तेच करते, असे ते सांगत होते. त्या काळच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांनी १८३९ साली त्यावर निनावी विडंबन छापले. मनाला लावून घेणारा हा माणूस बेल्जियमला गेला. आधी लूव्हेनच्या कॅथॉलिक विद्यापीठात आणि १८४८ पासून लिएजमध्ये त्यांनी शिकवले. लिएज कोळशाच्या खाणींचा प्रदेश. खाणीत विषारी वायू भरला की बचावासाठी आत जाणाऱ्यांना श्वास घेता यावा, म्हणून त्यांनी एक उपकरण तयार केले.

खरी कसोटी उतारवयात आली. बेल्जियमच्या ब्वा-देन गावात लुईझ लातो नावाच्या तरुणीच्या अंगावर दर शुक्रवारी प्रभूच्या जखमांसारख्या खुणांतून रक्त वाहते, अशी बातमी सर्वत्र पसरली होती. २६ मार्च १८६९ रोजी, गुड फ्रायडेला, श्वान यांना तज्ज्ञ म्हणून तिथे नेण्यात आले. नंतर असे पसरले की त्यांनी तो चमत्कार मान्य केला. त्यांनी तसे काहीच केले नव्हते. आपल्याच धर्मबांधवांच्या उत्साहाविरुद्ध बोलणे किती जड जाते, हे धर्मग्रामात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. शेवटी १८७५ साली त्यांनी स्वतःचा अहवाल छापून आपले मत जाहीर केले. काही श्रद्धावंतांचा रोष त्यांनी ओढवून घेतला, पण शब्द मागे घेतला नाही आणि ख्रिस्तसभाही सोडली नाही.

१८७८ साली लिएजमध्ये त्यांचा मोठा सत्कार झाला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. ते अविवाहित होते. ११ जानेवारी १८८२ रोजी, जिथे शाळा शिकले त्या कोलोन शहरातच, त्यांनी देह ठेवला.