वारणेच्या एका काठावर सातारा, दुसऱ्या काठावर कोल्हापूर! महाराणी ताराबाईंनी वेगळी गादी कशी उभी केली?

पुण्याहून हायवेने कोल्हापूरला येताना वारणा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की सांगली जिल्हा संपतो आणि कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. बसमध्ये बसलेल्या कुणाच्या हे लक्षातही येत नाही. पण जवळपास ३०० वर्षांपूर्वी याच नदीवर दोन राज्यांची सीमा ठरली होती आणि दोन्ही राज्यांच्या गादीवर शिवाजी महाराजांचेच नातू होते.

एकाच घराण्याच्या दोन गाद्या का झाल्या? याचं उत्तर महाराणी ताराबाईंच्या आयुष्यात सापडतं. कोल्हापूरकर त्यांना ताराराणी म्हणून ओळखतात. कावळा नाक्यावरचा घोड्यावर स्वार असलेला पुतळा त्यांचाच.

सेनापतीची लेक, छत्रपतींची सून

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. वडील हंबीरराव मोहिते म्हणजे स्वराज्याचे सरसेनापती. ताराबाईंचं लग्न शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्याशी झालं.

१६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. त्याच वर्षी रायगड पडला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई आणि मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्यावरून लढा चालू ठेवला. पुढे ताराबाईही तिथे पोचल्या. १६९६ मध्ये जिंजीतच त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं शिवाजी.

पंचविशीत राज्य अंगावर

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं. तेव्हा ताराबाई २५ वर्षांच्या होत्या आणि मुलगा जेमतेम चार वर्षांचा. औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ ठोकून होता. महिन्याभरातच साताऱ्याचा किल्ला त्याच्या हाती गेला. मराठ्यांचं राज्य आता संपलं, असं मोगलांना वाटलं तर नवल नव्हतं.

ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हातात घेतला. रामचंद्रपंत अमात्य, परशुरामपंत प्रतिनिधी, धनाजी जाधव अशी अनुभवी माणसं सोबत होती. औरंगजेब एकेक किल्ला घेत होता. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड आणि तोरणा त्याने जिंकले. पण एकेका किल्ल्यापुढे त्याचे महिनेच्या महिने जात होते. तिकडे मराठी फौजा माळवा आणि गुजरातपर्यंत मोगली मुलखात घुसत होत्या. बादशहाची पाठ वळली की गेलेले किल्लेही परत घेतले जात होते.

मोगलांचा इतिहासकार खाफीखान हा शत्रूपक्षाचा माणूस. त्यानेही ताराबाईंच्या बुद्धीची आणि कारभाराची दखल घेतली आहे. सात वर्षं झुंजून १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. दख्खन काही त्याच्या हाती आली नाही.

बाहेरची लढाई संपली, घरातली सुरू झाली

मोगलांनी १७०७ मध्येच शाहू महाराजांना सोडून दिलं. (हे संभाजी महाराजांचे पुत्र शाहू. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज फार नंतरचे.) थोरल्या भावाचा मुलगा म्हणून त्यांनी गादीवर हक्क सांगितला. ताराबाईंना तो मान्य नव्हता. ज्या राज्यासाठी सात वर्षं लढलो, ते आपल्या मुलाचं आहे अशी त्यांची भूमिका होती.

ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली. ऐन वेळी धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ताराबाईंचा पराभव झाला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

ताराबाईंनी माघार घेतली, पण हक्क सोडला नाही. १७१० मध्ये त्यांनी पन्हाळ्यावरून वेगळा कारभार सुरू केला. कोल्हापूरच्या राज्याची सुरुवात इथून मानली जाते.

पन्हाळाच का? कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटरवरचा हा मोठा आणि बळकट किल्ला. पश्चिमेला सह्याद्री आणि कोकणात उतरणारे घाट, पूर्वेला पंचगंगा-कृष्णेचा सुपीक मुलूख. बचावाला डोंगर आणि महसुलाला काळी जमीन, दोन्ही हाताशी.

सवतीचा डाव आणि १६ वर्षांची कैद

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले. मुलगा पुढे कैदेतच वारला. ज्या राज्याची स्थापना केली, तिथेच ताराबाईंनी सुमारे १६ वर्षं कैदेत काढली.

राज्य मात्र उभं राहिलं. राज्य कसं चालवावं हे सांगणारं रामचंद्रपंत अमात्यांचं प्रसिद्ध 'आज्ञापत्र' याच संभाजीराजांच्या काळातलं.

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेने संभाजीराजांचा वारणाकाठी पराभव केला. ताराबाई शाहूंच्या ताब्यात आल्या आणि साताऱ्यात राहिल्या. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. ढोबळमानाने वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आणि उत्तरेचा साताऱ्याकडे, अशी वाटणी ठरली.

पंचाहत्तरीत पुन्हा मैदानात

शाहूंना मुलगा नव्हता. आपला एक नातू लपवून वाढवला आहे, असं ताराबाईंनी त्यांना सांगितलं. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि हा रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला. नानासाहेब पेशव्यांच्या हातातली सत्ता छत्रपतींकडे परत यावी, असा ताराबाईंचा आग्रह होता. रामराजाने ऐकलं नाही. १७५० मध्ये त्यांनी त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. दमाजी गायकवाडांना मदतीला बोलावलं, पण पेशव्यांनी त्यांचा पराभव केला.

१७५२ मध्ये पेशव्यांशी समेट झाला. तेव्हा जेजुरीत खंडोबासमोर ताराबाईंनी रामराजा आपला खरा नातू नसल्याचं शपथेवर सांगितलं. आधीचं खरं की नंतरचं, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. पण त्या शपथेनंतर छत्रपतींच्या गादीचं वजन आणखी घटलं आणि सत्ता पुण्याकडे पक्की झाली. ताराबाईंना हेच तर टाळायचं होतं.

९ डिसेंबर १७६१ रोजी साताऱ्यात त्यांचं निधन झालं. पानिपत होऊन वर्षही झालं नव्हतं. वय होतं ८६. समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे.

मग त्यांनी राज्य राखलं की फोडलं?

दोन्ही उत्तरं दिली जातात. १७०० मध्ये त्या उभ्या राहिल्या नसत्या, तर शाहूंना परत यायला राज्यच उरलं असतं का, हा पहिला प्रश्न. १७०७ नंतर त्या थांबल्या असत्या, तर घर एक राहिलं असतं का, हा दुसरा.

पुढे राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं. कोल्हापूरचं राज्य मात्र १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं. त्याच गादीवर पुढे राजर्षी शाहू महाराज आले. ही गादी मुळात उभी केली होती ती ताराबाईंनी.